फिंचसाठी जिवंत किडे: आधी किड्यांचे डबे भरा, मग घरटं लावा

माझ्या कॉर्डन ब्लूच्या, म्हणजे मुनियाच्या कुळातल्या छोट्या फिंच पक्ष्यांच्या, जोडीची पहिली पिल्लं चौथ्या दिवशी सकाळी पिंजऱ्याच्या तळाला सापडली. चारच्या चार. अंगावर जखम नाही काही नाही, पण गळ्यातली पिशवी रिकामी. दाणे भरलेले होते, एग फूड (अंड्याचं मऊ खाद्य) ताजं होतं, पाणी स्वच्छ होतं, फक्त आदल्या दिवशी दुपारी मीलवर्म, म्हणजे कोंड्यात वाढणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या, संपले होते आणि मला वाटलं एक दिवस नाही मिळाले तर काय होतंय, एग फूड आहे की. त्या जोडीने ते एग फूड स्वतः खाल्लं पण पिल्लांना भरवलं नाही.

हे पक्षी असं का करतात ते नीट समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जातं. छोटे फिंच मोठेपणी दाण्यावर जगतात पण बऱ्याच जातींची पिल्लं पहिले आठ-दहा दिवस मुख्यतः किड्यांवर वाढतात. जंगलात पाऊस पडतो, गवत येतं, वाळवी निघते, किडे वाढतात आणि तेव्हाच हे पक्षी घरटी करतात. किडे मिळतायत म्हणजे पिल्लं जगतील, किडे आटले म्हणजे आता जीव खर्च करण्यात अर्थ नाही, हा हिशोब त्यांच्या अंगातच असतो. पिंजऱ्यात हा हिशोब आपल्या हातात येतो. म्हणून या लेखात जे काही सांगणार आहे त्याचा गाभा एकच आहे, किडे द्यायला सुरुवात केलीत तर पिल्लं स्वतः खायला लागेपर्यंत एकही दिवस खंड पडता कामा नये, आणि ते जमायला किडे घरातच वाढत असले पाहिजेत.

आधी बघा तुमच्या पक्ष्याला खरंच लागतात का

झेब्रा फिंच आणि बेंगाली म्हणजे सोसायटी फिंच, यांना किडे नसले तरी चालतं. दाणे, भिजवून मोड आणलेले दाणे, एग फूड, हिरवा पाला आणि समुद्रफेस (कॅल्शियमसाठी चोचीने कुरतडायचा पांढरा तुकडा) एवढ्यावर ते पिल्लं छान वाढवतात. गोल्डियनचंही जवळपास तसंच. यांना किडे दिले तर आवडीने खातीलही, पण नाही दिले म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

खरी गरज आहे ती वॅक्सबिल गटातल्या छोट्या पक्ष्यांना. कॉर्डन ब्लू, फायरफिंच, ऑरेंज चीक वॅक्सबिल, मेल्बा, ट्विनस्पॉट हे सगळे त्यात येतात. यातल्या काही जोड्या एग फूडवर पिल्लं वाढवतात असंही होतं, पण त्या भरवशावर ब्रीडिंगला बसवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण जोडी कशी वागणार हे पिल्लं मेल्यावरच कळतं.

कुठले किडे

मीलवर्म सगळ्यांना माहीत असतात. पूर्ण वाढलेली अळी अडीच-तीन सेंटिमीटरची होते आणि ती या पक्ष्यांना फार मोठी आहे. वॅक्सबिलचं अख्खं वजन आठ-नऊ ग्रॅम, त्याच्या चोचीत ती अळी म्हणजे केवढी होईल बघा. त्यामुळे एक सेंटिमीटरच्या आसपासची लहान अळी वापरायची. सगळ्यात भारी म्हणजे नुकतीच कात टाकलेली पांढरी मीलवर्म. ती मऊ असते, कवच कडक झालेलं नसतं, लहान पिल्लांना पचायला हलकी, आणि पक्षी पण ढिगातून तीच आधी उचलतात, बघत बसा तुम्ही. मोठ्या अळीचं ते बरेचदा चोचीत दाबून आतलं खातात आणि साल टाकून देतात.

बफेलो वर्म ही माझी सगळ्यात आवडती. दिसायला मीलवर्मची छोटी बहीण, पूर्ण वाढली तरी सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर, म्हणजे साइज निवडत बसायला नको. भरभर हलते त्यामुळे पक्ष्याचं लक्ष लगेच जातं.

फ्रूट फ्लाय म्हणजे पिकलेल्या केळ्यावर घोंघावतात ती चिलटं. नुकत्या फुटलेल्या पिल्लांसाठी एकदम योग्य, दोन-तीन मिलिमीटरची. पिंजऱ्यासाठी न उडणारी जात घ्यायची. रातकिड्यांची अगदी बारीक पिल्लं, ज्यांना पिनहेड म्हणतात, ती पण चांगली, फक्त ती पळतात आणि त्यांचा आवाज मोठेपणी रात्रभर चालतो, म्हणून मी वाढवत नाही.

वॅक्सवर्म म्हणजे मेणाच्या पतंगाची अळी, तिच्यात चरबी जवळजवळ पाव वजनाएवढी असते. आजारातून उठलेल्या पक्ष्याला एखादी ठीक, रोजच्या खाण्यात नको. सुपरवर्म तर नकोच, फार मोठी आणि चावते.

आणि बाहेरून पकडून काय आणू नये ते पण सांगते. घरातली झुरळं, माश्या, मुंग्या नाही. बागेतले किडे जर आसपास कुठे फवारणी होत असेल तर नाही. वाळवी पक्ष्यांना प्रचंड आवडते पण जिथे वाळवी असते तिथे वाळवीचं औषधही मारलेलं असू शकतं, खात्री नसेल तर हात लावू नका. केसाळ सुरवंट, भडक रंगाचे किडे, काजवे, लेडीबर्ड हे विषारी किंवा कडू असतात. पोल्ट्रीच्या लिटरमध्ये बफेलो वर्मचेच भुंगेरे ढिगाने सापडतात आणि फुकट मिळतात म्हणून कोणी आणतं, ते तर अजिबात आणू नका, त्यातून साल्मोनेलाचे जंतू आणि पोटातले पट्टकृमी (टेपवर्म) सरळ तुमच्या पिंजऱ्यात येतात. पट्टकृमी किड्यांच्या अंगातूनच पक्ष्यात जातात हे लक्षात ठेवलं की किडे घरी, स्वच्छ खाण्यावर का वाढवायचे ते वेगळं सांगायला लागत नाही.

पायरी १: घरटं लावायच्या तीन महिने आधी मीलवर्मचा डबा

तीन महिने आकडा मी उगाच नाही सांगत. मीलवर्मचं अंडं फुटायला एक-दोन आठवडे, अळी वाढायला आठ-दहा आठवडे, कोष एक ते तीन आठवडे, मग भुंगेरा. म्हणजे आज आणलेल्या अळ्यांची पुढची पिढी हातात यायला एवढा वेळ जातोच, आणि थंडी असेल तर आणखी जास्त. २५ ते २८ अंश तापमानाला सगळ्यात बरं चालतं.

गुळगुळीत आतल्या बाजूचे तीन प्लास्टिकचे डबे घ्या, साधारण दहा-पंधरा सेंटिमीटर उंच. गुळगुळीत भिंतीवर त्या चढू शकत नाहीत. झाकणाला मोठं भोक पाडून बारीक जाळी चिकटवा, हवा खेळली पाहिजे. तळाला पाच सेंटिमीटर गव्हाचा कोंडा, त्यात थोडे ओट्स. कोंडा वापरायच्या आधी दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे आधीच असलेले बारीक किडे मरतात, आणि नंतर बाहेर काढून पूर्ण कोरडा झाल्यावरच डब्यात घाला.

एका डब्यात भुंगेरे, दुसऱ्यात बारीक अळ्या, तिसऱ्यात मोठ्या अळ्या, आणि कोष दिसले की वेगळ्या वाटीत. हे वेगळं का, तर भुंगेरे आणि मोठ्या अळ्या अंडी आणि कोष खाऊन टाकतात आणि मग लोक म्हणतात माझ्याकडे वाढतच नाहीत. दर दोन आठवड्यांनी भुंगेरे चाळून नव्या कोंड्यात टाका, जुना कोंडा अंड्यांसकट बाजूला ठेवा, तारीख लिहा, आणि मग महिनाभर तो डबा विसरून जा. मला हेच सगळ्यात अवघड गेलं, सारखं उकरून बघायची सवय.

पाणी वाटीत ठेवायचं नाही. गाजराचा किंवा बटाट्याचा तुकडा वर ठेवायचा, कापलेली बाजू वर करून, आणि सुकायच्या किंवा बुरशी यायच्या आत बदलायचा. ओल हाच या डब्याचा मोठा शत्रू आहे. डब्याच्या कडेला फिकट तपकिरी धूळ दिसली आणि ती धूळ हलतेय असं वाटलं तर ते माइट्स, म्हणजे अगदी सूक्ष्म किडे, आहेत. तेव्हा गाजर बंद करा, अळ्या चाळून पूर्ण कोरड्या नव्या कोंड्यात घाला, जुनं सगळं घराबाहेर टाका, डबा गरम पाण्याने धुवून उन्हात वाळवा.

एक गोष्ट माणसांबद्दल पण. कोंडा चाळताना जी बारीक भुकटी उडते ती किड्यांची विष्ठा आणि कात असते, त्याने काही जणांना शिंका, दमा, अंगाला खाज असं होतं. मास्क लावा आणि चाळणी घराबाहेर करा. घरात दम्याचा माणूस असेल तर त्याच्या खोलीत हे डबे ठेवू नका.

बफेलो वर्मचं सगळं असंच, पण तीन फरक आहेत. त्यांना ऊब जास्त लागते, २८ ते ३० अंशाला दीड-दोन महिन्यात पिढी होते. मीलवर्म फ्रिजच्या दाराच्या कप्प्यात, सात-दहा अंशाला, वाढ थांबवून ठेवता येतात पण बफेलोला थंडी सोसत नाही, मरतात. आणि त्यांना थर्माकोलच्या डब्यात ठेवायचं नाही, पोखरून बाहेर पडतात.

पायरी २: फ्रूट फ्लायच्या बाटल्या

हे पटकन होतं. ओट्स शिजवून घट्ट करा, त्यात एक पिकलेलं केळं कुस्करा, चमचाभर व्हिनेगर घाला म्हणजे बुरशी लवकर येत नाही. थंड झालं की बाटलीत तीन बोटं भरा, वर चिमूटभर कोरडं यीस्ट, आणि चुरगळलेला कागद उभा घाला, माश्या त्यावर बसतात नाहीतर चिकटून मरतात. पंचवीस-तीस न उडणाऱ्या माश्या सोडा, तोंडाला कापड आणि रबरबँड. छोट्या जातीची नवी पिढी २५ अंशाला दहा-बारा दिवसात येते.

दर आठवड्याला एक नवी बाटली लावायची, बाटलीवर तारीख टाकायची, महिना झालेली बाटली फेकायची कारण त्यात माइट्स होतात. आणि घरातली उडणारी चिलटं आत शिरू देऊ नका. न उडण्याचा गुण पुढच्या पिढीत दबला जातो, एकदा मिसळण झाली की सगळी बाटली उडायला लागते.

पायरी ३: पक्ष्यांना किडे ओळखायला शिकवणं

पिंजऱ्यात वाढलेल्या फिंचला किडा म्हणजे खाणं हे माहीतच नसतं. नवीन वस्तूला ते घाबरतात. म्हणून पिल्लं झाल्यावर किडे दाखवायचे हा बेत चुकीचा, दोन महिने आधी सुरू करा.

पहिला आठवडा लहान मीलवर्म कापून, तुकडे एग फूडमध्ये मिसळा. नंतर अख्खी अळी, पण डोकं चिमट्याने दाबलेली, एग फूडच्या वर. ती वळवळते पण पळत नाही. मग वेगळी वाटी. वाटी काचेची किंवा गुळगुळीत चिनी मातीची, चार-पाच सेंटिमीटर उंच आणि आतून पांढरी, पिवळट-तपकिरी अळी पांढऱ्यावर उठून दिसते. वाटी पक्ष्याच्या नेहमीच्या बसायच्या काठीजवळ ठेवा आणि तुम्ही खोलीतून बाहेर या. सकाळी, दाणे भरायच्या अर्धा तास आधी ठेवली तर जास्त लवकर तोंड लावतात. पण उपाशी ठेवून शिकवायचा प्रयत्न करू नका, एवढ्या छोट्या पक्ष्याला काही तासांची उपासमार जीवावर बेतते.

सगळ्यात जलद उपाय म्हणजे किडे खाणारा एक पक्षी शेजारच्या पिंजऱ्यात, दिसेल असा. एकमेकांचं बघून हे पक्षी शिकतात. माझी एक मादी तीन आठवडे वाटीकडे ढुंकून बघत नव्हती, शेजारचा नर खाताना दिसल्यावर दोन दिवसात वाटीवर आली.

जिवंत मीलवर्म पक्ष्याचं पोट पोखरते अशी एक भीती बऱ्याच जणांना असते. निरोगी फिंच अळी चोचीत चावून, दाबूनच गिळतो आणि आतमध्ये गिझार्ड, म्हणजे दाणे दळणारं जाड स्नायूंचं पोट, तिचा चुरा करतं, त्यामुळे ते होत नाही. पण तान्ह्या पिल्लांच्या घरट्यासाठी मोठ्या अळीचं डोकं दाबून देणं मला बरं वाटतं, मनाला शांतता.

पायरी ४: किड्यांनाच आधी नीट खाऊ घाला

मीलवर्ममध्ये प्रोटीन साधारण १९ टक्के, चरबी १३ टक्के आणि बाकी बहुतेक पाणी. ऐकायला छान आहे पण कॅल्शियम जवळपास नाहीच, आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट. फिंचला कॅल्शियम कमी पडलं तर पिल्लांची हाडं वाकतात, मादीच्या पोटात अंडं अडकतं. नेहमीच्या किड्यांपैकी जवळजवळ सगळ्यांची हीच गत आहे, ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीची अळी तेवढी अपवाद, तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं, मिळाली आणि बारीक साइजची असली तर जरूर द्या.

म्हणून द्यायच्या एक-दोन दिवस आधी लागणाऱ्या अळ्या वेगळ्या वाटीत काढायच्या आणि तिथे त्यांना बारीक दळलेलं पक्ष्यांचं पौष्टिक खाद्य, त्यात कॅल्शियम कार्बोनेटची पावडर, किसलेलं गाजर आणि थोडा हिरवा पाला द्यायचा. जे अळीच्या पोटात आहे ते पिल्लाच्या पोटात जातं. वरून पावडर भुरभुरवणं पण करतात, पण मीलवर्म गुळगुळीत असल्यामुळे ती फारशी टिकत नाही, म्हणून पावडर लावली तर लगेच द्या. फ्रूट फ्लायला मात्र पावडर चांगली बसते, पिशवीत थोडी पावडर, माश्या टाका, हलकेच हलवा.

समुद्रफेस पिंजऱ्यात कायम हवा. पक्ष्यांना ऊन अजिबात मिळत नसेल तर कॅल्शियम शोषायला व्हिटॅमिन डी थ्री लागतं, ते पक्ष्यांसाठीच्या पावडरमधून पाकिटावरच्या मापानेच द्या, जास्त झालं तर त्याचाही त्रास होतो.

पायरी ५: किती आणि केव्हा

ब्रीडिंग नसताना एका पक्ष्याला दोन-तीन छोट्या अळ्या, आठवड्यातून दोनदा, पुरे. रोज भरपूर दिल्या तर पक्षी लठ्ठ होतात आणि माद्या सारखी अंडी घालत सुटतात, अंगातलं कॅल्शियम संपेपर्यंत.

घरटं लावायच्या दोन-तीन आठवडे आधी हळूहळू रोजवर या. जोडी घरटं करायच्या तयारीत आली की ते दिसतं, नर गवताची काडी चोचीत धरून उड्या मारत गायला लागतो. अंडी घातल्यावर पुन्हा कमी करा, रोज दोन-तीन, वाटीची आठवण राहण्यापुरत्या. या काळात भरमसाठ दिलं तर नर उबवायचं सोडून पुन्हा मादीच्या मागे लागतो, माझ्याकडे दोन वेळा झालंय.

अंडी साधारण १२ ते १४ दिवसात फुटतात. त्या दिवसापासून तुमचं वेळापत्रक बदलतं. पहिले दोन-तीन दिवस फ्रूट फ्लाय आणि सगळ्यात बारीक, पांढऱ्या अळ्या. बाटलीच्या कापडाला छोटं भोक पाडून बाटलीच पिंजऱ्यात आडवी ठेवली तर माश्या एकेक करून बाहेर येतात आणि आईबाप दिवसभर टिपत राहतात, तुम्ही कामावर असलात तरी खंड पडत नाही. चौथ्या दिवसापासून बफेलो वर्म, थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी. चार पिल्लांच्या जोडीला मी एका वेळी पंधरा-वीस देते आणि वाटी किती वेळात रिकामी होते ते बघते. दहा मिनिटात संपली तर पुढच्या वेळी जास्त, तासाभराने पण उरल्या तर कमी. उजाडतानाची खेप सगळ्यात महत्त्वाची, रात्रभर पिल्लं रिकामी असतात, त्यामुळे ती वाटी मी अंधार असतानाच ठेवते. दिवसभर घरी कोणी नसेल तर वाटीत कोंडा घालून त्यात अळ्या सोडा, शोधून शोधून खातात म्हणून पुरतात.

पिल्लांच्या मानेची कातडी पातळ असते, त्यातून गळ्यातली पिशवी आणि आत काय आहे ते चक्क दिसतं. आईबाप खायला बाहेर आले की पटकन टॉर्चने एक नजर टाका, दिवसातून एकदाच, पण जोडी बुजरी असेल तर तेही नको. संध्याकाळी पिशवी फुगलेली असेल तर सगळं ठीक. दहाव्या दिवसाच्या पुढे पिशवीत दाणे दिसायला लागतात, तेव्हा मोड आलेले दाणे वाढवा, किडे मात्र लगेच तोडू नका.

उरलेल्या अळ्या रोज रात्री काढायच्याच. तळाच्या कचऱ्यात घुसल्या तर त्या तिथे विष्ठा खाऊन वाढतात, भुंगेरे होतात आणि मग पक्षी तेच खातात. वाटी साबणाने धुवून कोरडी करूनच परत वापरा, ओल्या काचेवर अळ्या चढतात.

किडे संपायची वेळ आलीच तर? यासाठी फ्रीजरमध्ये आधीपासून एक पिशवी ठेवा, बारीक अळ्या चाळून गोठवलेल्या. लागतील तेवढ्या काढायच्या, पूर्ण वितळू द्यायच्या, लगेच द्यायच्या. हलत नाहीत म्हणून सगळ्या जोड्या घेत नाहीत, त्यामुळे पायरी ३ मध्येच अधूनमधून गोठवलेल्यांची सवय लावून ठेवा. वाळवलेल्या मीलवर्म कोमट पाण्यात भिजवून एग फूडमध्ये घालता येतात, पण तान्ह्या पिल्लांसाठी त्यांच्यावर विसंबू नका.

पिल्लं बाहेर आल्यावर

अठरा ते एकवीस दिवसांची झाली की पिल्लं घरट्याबाहेर येतात पण अजून आईबापच भरवतात. आणखी दोन-तीन आठवडे किडे चालू ठेवा आणि वाटी आता तळाला, पिल्लांना पोचेल अशी ठेवा. त्यांना आईबापाबरोबर वाटीतून उचलताना बघायला मिळालं की पुढच्या पिढीला शिकवायचे तुमचे दोन महिने वाचतात. मग दर तीन दिवसांनी एक खेप कमी करत आठवड्यातून दोनदावर या. तोपर्यंत जोडीने परत अंडी घातली असतील तर आधी डब्यात बघा, बारीक अळ्या पुढच्या दीड महिन्याला पुरतील एवढ्या दिसत नसतील तर ती अंडी काढून प्लास्टिकची ठेवा आणि जोडीला विश्रांती द्या.